पणजी-पणजोबांच्या लग्नाचा फोटो: तडा, चंदेरी झाक आणि काचेला चिकटलेली तसबीर. सुरुवात कुठून करू?

दांडियाबाजारकर

नमस्कार मंडळी. बडोद्यातल्या आमच्या घरातले जुने फोटो डिजिटल करून दुरुस्त करायला घेतले आहेत. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीला पूर आला तेव्हा तळमजल्यावरचं कपाट भिजलं होतं, त्यातलेही काही यात आहेत.

पहिला आणि सगळ्यात महत्त्वाचा फोटो आजीच्या आईवडिलांच्या लग्नाचा, साधारण १९४० चा. कृष्णधवल, ६ × ८ इंच, जाड पुठ्ठ्यावर डकवलेला. पुठ्ठा वाकला आहे आणि डाव्या कोपऱ्यातून निघालेला तडा पणजीच्या खांद्यावरून शालूच्या काठापर्यंत गेला आहे. कडांना निळसर चंदेरी झाक आहे, मधला भाग पिवळा पडून फिका झालाय, मागच्या पडद्यावर तपकिरी ठिपके. पाठीवर मोडीत काहीतरी लिहिलंय, तेही फिकं.

दुसरी पणजोबांची हाताने रंगवलेली तसबीर. फोटो आतून काचेला चिकटला आहे. तिसरा १९८० च्या दशकातला रंगीत अल्बम. सगळे फोटो लालसर झालेत आणि आठ-दहा फोटोंचा एकमेकांना चिकटून ठोकळा झालाय.

हाताशी आहे कॅननचा लाइड स्कॅनर, २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा, ट्रायपॉड आणि लॅपटॉपवर गिंप (फोटो दुरुस्तीचं मोफत सॉफ्टवेअर). फोटोशॉप नाही. घरात एकाने मोबाइलवरच्या एका ॲपने लग्नाचा फोटो ‘साफ’ केला. पणजीच्या कपाळावरची कुंकवाची चिरी गेली आणि नथीच्या जागी ओठावर सावलीसारखा डाग आला. तसं नको आहे. आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाला १२ × १८ ची प्रिंट द्यायचा विचार आहे. स्कॅन किती डीपीआयला (इंचाला किती ठिपके) करू, आणि कुठल्या क्रमाने जाऊ?

रावपुरा_फोटो

आधी काय करू नये ते सांगतो. काचेला चिकटलेला फोटो सोडवायला जाऊ नका. फोटोच्या वरच्या थरात जिलेटिन असतं. ते ओलाव्याने फुगून काचेला धरतं आणि वाळल्यावर सरसासारखं घट्ट होतं. ओढलात तर चेहरा काचेवर राहील आणि कोरा कागद हातात येईल. पाण्यात भिजवून सोडवणं साध्या कृष्णधवल फोटोला कधीकधी जमतं, पण हाताने दिलेला रंग पाण्यात सुटू शकतो. म्हणून ही तसबीर काचेसकटच टिपायची. फ्रेमच्या पाठचे खिळे काढून काच आणि फोटो एकत्रच बाहेर घ्या. काचेची फक्त बाहेरची बाजू किंचित ओलसर कापडाने पुसा. फवारा मारू नका, कडेने पाणी आत शिरतं.

काचेवर बिंब येऊ नये म्हणून खोली अंधारी करा, दोन्ही बाजूंना सारखे दोन दिवे ३० ते ४५ अंशांत लावा, आणि कॅमेऱ्यापुढे काळ्या पुठ्ठ्याला भिंगाएवढं भोक पाडून धरा. आता काचेत दिसेल तो फक्त काळा पुठ्ठा. जिथे फोटो काचेला चिकटलाय तो भाग गडद आणि ओलसर दिसेल, न चिकटलेला फिका. तो फरक नंतर मास्क (बदल ठरावीक भागापुरताच ठेवणारं आवरण) लावून कर्व्हजने (उजळ-गडदपणा बदलणाऱ्या वक्ररेषेने) सारखा करता येतो.

लग्नाच्या फोटोलाही तुमचा लाइड वापरू नका. त्या स्कॅनरमध्ये सीआयएस सेन्सर असतो. तो काचेला टेकलेलंच नीट पाहतो, वस्तू दोन-तीन मिलिमीटर वर गेली तरी धूसर. तुमचा पुठ्ठा वाकलाय, म्हणजे मधला भाग नाहीतर कडा, एक काहीतरी बिघडणारच. झाकण दाबून सपाट करायला गेलात तर तडा चेहऱ्याकडे सरकेल. सीसीडी सेन्सरचा स्कॅनर, उदाहरणार्थ एप्सनचा व्ही ६००, कुणाकडून मिळाला तर उत्तम, कारण तो थोडी उंची सांभाळून घेतो. नाहीतर कॅमेरा. २४ मेगापिक्सेलमध्ये ६ × ८ इंच भरून घेतलं तर इंचाला साधारण ६६० पिक्सेल मिळतात, तेवढे पुरतात.

कॅमेरा फोटोला अगदी समांतर हवा. फोटोच्या जागी छोटा आरसा ठेवा आणि भिंगाचं प्रतिबिंब चौकटीच्या बरोबर मध्यावर येईपर्यंत ट्रायपॉड हलवा. मग आरसा काढून फोटो ठेवा. एफ ८, आयएसओ १००, टायमर लावून, रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये). आणि तड्याची दिशा पाहा: उजेड तड्याच्या लांबीने जाईल असा फोटो फिरवून ठेवा. उजेड आडवा आला तर तड्याच्या काठाची सावली पडते आणि एक रेघ दुरुस्त करायच्या ऐवजी दोन कराव्या लागतात.

चंदेरी झाक म्हणजे फोटोतली चांदी दमट हवेने पृष्ठभागावर येऊन बसलेली असते. ती पुसून जात नाही, पुसूही नका. दिव्यांवर पोलरायझिंग फिल्म आणि भिंगावर पोलरायझर लावून भिंगावरचा हळूहळू फिरवला की झाक बरीच मावळते. हे सामान नसेल तर नंतर चॅनेलमधून (रंगीत चित्राच्या लाल, हिरव्या, निळ्या थरांमधून) काम काढता येतं.

फोटो कृष्णधवल असला तरी टिपायचा रंगीतच, आणि साठवायचा १६ बिट टिफमध्ये. ६ × ८ इंच ६०० डीपीआयला म्हणजे ३६०० × ४८०० पिक्सेल, फाइल १०० एमबीच्या आसपास. भिंगाखाली पापणीचे केस सुटे दिसत असतील तर नुसत्या चेहऱ्यांचं जवळून वेगळं चित्र घ्या. स्कॅनर वापरलात तर त्यातलं शार्पनिंग, धूळ काढणं, रंग सुधारणं, सगळं बंद. आणि पाठ विसरू नका. मोडीतल्या ओळीची शाई फिकी तपकिरी असेल तर निळ्या चॅनेलमध्ये ती बऱ्यापैकी उठून दिसते.

लष्कर_ग्वाल्हेर

ठोकळ्याबद्दल. ८० च्या दशकातले लॅबचे रंगीत फोटो बहुतेक प्लास्टिकचा थर दिलेल्या कागदावर असतात. ते कोरडे ओढून सुटत नाहीत, पण स्वच्छ गार पाण्यात सुटण्याची बरीच शक्यता असते. मात्र वर दिसणारा फोटो आणि तळच्याची पाठ आधी टिपून ठेवा, मगच पाण्याला हात लावा. पसरट ट्रेमध्ये ठोकळा आडवा ठेवायचा, अर्धा-पाऊण तास थांबायचं, कोपरा पाण्याखालीच अंगठ्याने हळू सरकवून पाहायचा. सरकला नाही तर पाणी बदलून पुन्हा थांबायचं. नख किंवा सुरी घालू नका. सुटलेले फोटो तोंड वर करून टीपकागदावर सावलीत वाळवा. पंख्याचा झोत थेट नको, वळतात.

एक धोका आहे. बुरशी लागली असेल तर तिने जिलेटिन पोखरलेलं असतं आणि ते पाण्यात चक्क विरघळतं. काळे-हिरवे ठिपके दिसत असतील तर भिजवूच नका. कोरडी बुरशी मऊ ब्रशने, मास्क लावून, घराबाहेर झटकायची. ठोकळ्यात एकच प्रत असलेला एखादा फोटो असेल तर घरी प्रयोग न केलेला बरा. तुमच्याच गावात महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या ललित कला शाखेत संग्रहालयशास्त्राचा विभाग आहे, तिथे जाऊन सल्ला विचारा.

आणि अल्बमच्या निगेटिव्ह शोधा. लॅबच्या पाकिटात मागच्या कप्प्यात पडून असतात, लोक बघतच नाहीत.

मांडवी_दरवाजा

आता दुरुस्तीचं. गिंप २.१० किंवा पुढचं असेल तर १६ बिटमध्ये काम होतं. त्याआधीचं असेल तर बदलून घ्या. फिक्या फोटोचे स्वर ताणताना ८ बिटमध्ये गालावर पट्टे उमटतात.

पहिली पायरी चॅनेलची. कलर्स, कंपोनंट्स, डिकंपोज करून लाल, हिरवा आणि निळा असे तीन लेयर सुटे करा आणि प्रत्येक नुसता डोळ्यांनी पाहा. फिकी पडून पिवळी झालेली चांदी निळा उजेड जास्त शोषते, म्हणून पुसट झालेला मधला भाग निळ्या चॅनेलमध्ये सगळ्यात भरीव दिसतो. पण तपकिरी ठिपकेही तिथेच सगळ्यात काळे असतात. लाल चॅनेलमध्ये ठिपके जवळजवळ नाहीसे होतात आणि कडांची निळसर झाकही कमी असते, मात्र चेहरे मलूल. म्हणून एकच चॅनेल निवडायचा नाही. निळा खाली ठेवा, लाल त्याच्यावर, लालच्या कर्व्हज निळ्याशी जुळवून घ्या, त्याला काळा मास्क लावा, आणि मऊ पांढऱ्या ब्रशने फक्त कडा आणि पडद्यावरचे ठिपके रंगवत लाल तेवढ्यापुरता उघडा करा. अर्ध्या तासाचं काम आहे, आणि शेकडो ठिपके एकेक करून पुसणं वाचतं. लोक ही पायरी सोडून थेट हीलिंग ब्रश हातात घेतात, मग पडदा मेणासारखा गुळगुळीत होतो.

मग तडा. पडद्यावरून जाणारा भाग सोपा: हील टूल, ब्रश तड्याच्या रुंदीपेक्षा जेमतेम मोठा, नमुना लगतच्याच जागेचा, आणि लांब फराटे न ओढता छोटे ठिपके. गिंपमध्ये हे मूळ लेयरच्या प्रतीवर करा. हील टूल खालच्या पोताशी मिसळून काम करतं, रिकाम्या लेयरवर त्याला मिसळायला काही सापडत नाही.

तडा जिथे खांद्याची कड ओलांडतो तिथे हील बंद करा. एका बाजूला गडद शालू, दुसऱ्या बाजूला उजळ पडदा. हील दोन्हींची सरासरी काढून मध्ये करडा ढग करून ठेवतं. तिथे क्लोन टूल (नमुना जसाच्या तसा उतरवणारं), ब्रशची कड अर्धी मऊ, आणि नमुना त्याच कडेवरचा, दोन-तीन सेंटिमीटर खालून घेतलेला. कड कडेवर चपखल बसवायची, मग तिच्या आतबाहेर हीलने भरायचं.

शालूच्या काठाला याहून जास्त वेळ द्या. काठाची नक्षी ठरावीक अंतराने परत येते, त्याचा फायदा घ्या. न तुटलेल्या जागेवरून एक पूर्ण बुट्टी लॅसोने उचला, नव्या लेयरवर आणा, तुटलेल्या जागी नेऊन फिरवा. तिथे कापड खांद्यावरून वळत असेल, तर वॉर्पने तेवढाच बाक द्या. पारदर्शकता निम्मी करून खालचे उरलेले धागे आणि वरची बुट्टी एकावर एक बसतात का पाहा, मग पुन्हा पूर्ण करा आणि मास्कने फक्त तड्याएवढीच पट्टी ठेवा. उजेड एका बाजूने येत असेल तर उचललेली बुट्टी घडीच्या त्याच अंगाची हवी, म्हणजे घडीच्या उजळ बाजूची बुट्टी उजळ बाजूलाच. नाहीतर नक्षी जुळते पण घडी मोडते आणि डोळ्याला खटकतं, का ते कळत नाही.

दुरुस्त केलेल्या जागा मूळ फोटोपेक्षा गुळगुळीत दिसतात. तिथे १०० टक्के झूमवर पाहत अगदी हलका एकरंगी नॉइज (बारीक ठिपके) द्या, मूळ दाण्याशी, म्हणजे फोटोच्या रवाळपणाशी, मिळेल इतकाच. शार्पनिंग सगळ्यात शेवटी, प्रिंटच्या मापाला आणल्यावर.

दांडियाबाजारकर

मनापासून आभार. डिकंपोज करून पाहिलं, निळ्यात पणजीच्या गळ्यातल्या दागिन्यांचे पदर सुटे दिसतात, जे नुसत्या डोळ्यांना दिसत नव्हते. दोन शंका. निळ्या चॅनेलमध्ये दाणा फार आहे, तो घालवू का? आणि कुंकू अगदी काळं दिसतंय. हे मूळचंच, की डाग?

मांडवी_दरवाजा

दाणा घालवू नका. नॉइज काढणारं फिल्टर दाणा आणि दागिन्यातले मणी यांत फरक करत नाही. फार खुपत असेल तर तेच चित्र न हलवता चार-पाच वेळा टिपा आणि लेयरची सरासरी घ्या. कॅमेऱ्याचा नॉइज जाईल, कागदाचा दाणा राहील.

कुंकू मूळचंच. त्या काळच्या स्टुडिओत ऑर्थोक्रोमॅटिक प्लेट सर्रास वापरत, आणि तिला लाल रंग दिसत नाही. लाल कुंकू, लाल शालू सगळं काळपट येतं. निळा रंग उलट फिकट, जवळजवळ पांढरा. म्हणून कपाळाला स्पॉट हीलिंग लावायचं नाही. पणजीची चिरी, नथ, पणजोबांच्या पगडीच्या घड्या यांच्यावर आधीच एक निवड करून चॅनेल म्हणून साठवून ठेवा, आणि पुढचा कुठलाही फिल्टर लावण्याआधी ती परत उघडून उलटवा, म्हणजे तो तिथे लागणार नाही.

राजवाडा_इंदूर

एआयला इतकं दूर ठेवायची गरज नाही असं माझं मत आहे. समूहफोटोत मागच्या रांगेतले चेहरे नखाएवढे असतात, तिथे कोडफॉर्मरसारखं चेहरे सुधारणारं एआय साधन ओळख पटण्याइतपत मदत करतं. त्यात निष्ठेचा आकडा ० ते १ असा असतो. १ कडे नेला की मूळ चेहऱ्याशी जास्त इमान राखतो, ० कडे नेला की चेहरा देखणा होतो पण आपल्या माणसाचा राहत नाही. ०.८ च्या खाली जाऊ नका. निकाल वेगळ्या लेयरवर घेऊन ३०-४० टक्केच दाखवायचा.

रावपुरा_फोटो

समूहफोटोपुरतं मान्य, तेही ‘एआयने सुधारलेली प्रत’ असं फाइलच्या नावात लिहून. या फोटोला मात्र नाही, आणि त्याला कारण आहे. जीएफपीगॅन (तसंच आणखी एक साधन) आणि कोडफॉर्मर दोन्ही प्रत्येक चेहरा कापून ५१२ × ५१२ पिक्सेलला आणतात, त्यावर काम करतात आणि परत चिकटवतात. तुमच्या फोटोत डोकं तीन सेंटिमीटर असेल तर ६०० डीपीआयला ते आत्ताच ७०० पिक्सेलच्या वर आहे. म्हणजे आधी खरा तपशील कमी होणार, मग त्या जागी अंदाजाने बनवलेला तपशील बसणार.

तो अंदाज कशावरून बांधलेला? दोन्ही साधनं ज्या चेहऱ्यांवर शिकवली तो संग्रह फ्लिकरवरच्या ७०,००० फोटोंचा आहे, आजच्या काळातल्या माणसांचा. त्यात नऊवारीतली, नथ घातलेली, कपाळावर चिरी असलेली बाई कितीशी असणार? म्हणून त्याला नथ म्हणजे ओठावरची सावली वाटते आणि चिरी म्हणजे डाग. मिटलेल्या ओठांत दात दिसू लागतात तेही यामुळेच. ॲपने जे केलं ते सेटिंग चुकल्यामुळे नाही, त्याला दुसरं काही ठाऊकच नाही. आजीने आईचा चेहरा पाहून ओळखायला हवा, यापुढे थोडा धूसरपणा काहीच नाही.

रंग भरण्याचंही तेच. ऑर्थो प्लेटवर लाल आणि काळा जवळजवळ एकाच करड्या छटेत येतात, त्यामुळे शालूचा रंग फोटोतून काढता येत नाही, कुठल्याही साधनाला. आजीला विचारा. तिला आठवत असेल तर हाताने भरा, वेगळ्या लेयरवर, कलर मोडमध्ये. कृष्णधवल प्रत तशीच राहू द्या.

लष्कर_ग्वाल्हेर

लाल अल्बमचं राहिलं. त्या कागदावरचा निळसर-हिरवा रंग, म्हणजे सायन, अंधारात ठेवूनही उडतो. म्हणून सगळं लालसर दिसतं. लेव्हल्समध्ये तिन्ही चॅनेल एकत्र ओढू नका. फक्त लाल चॅनेल उघडा: त्याचा हिस्टोग्राम (उजळ-गडदपणाचा आलेख) उजवीकडे गोळा झालेला असेल. डावा त्रिकोण उंचवट्याच्या पायथ्यापर्यंत आणा. मग हिरवा, मग निळा, असेच. शेवटी करड्या पिपेटने एखाद्या राखाडी जागेवर, सिमेंटची भिंत किंवा स्टीलचं भांडं, टिचकी मारा. पांढरा शर्ट घेऊ नका, त्याची पांढरी जागा बरेचदा जळालेली असते आणि रंग उलट्या दिशेने जातो. लाल चॅनेल ताणल्यामुळे सावल्यांत ठिपके दिसतील. रंगाचा नॉइज तेवढा कमी करा, उजेडाचा राहू द्या. ह्या फोटोंना, सपाट असतील तर, तुमचा लाइड अगदी योग्य आहे, ६०० पुरे. खडबडीत रेशमी पोताचा कागद असेल तर एकदा सरळ आणि एकदा १८० अंशांत फिरवून असे दोन स्कॅन घ्या, जुळवा, वरचा ५० टक्के करा. पोताच्या सावल्या एकमेकांना खोडतात.

दांडियाबाजारकर

प्रिंटचं शेवटचं विचारतो. १२ × १८ ला मूळ ६ × ८ ताणलं तर दोन्हीकडून कापावं लागेल ना?

रावपुरा_फोटो

कापू नका. ६ × ८ चं प्रमाण ३:४ आणि १२ × १८ चं २:३, त्यामुळे कापलंत तर कुणाचा तरी हात जाईल. चित्र १०.५ × १४ इंच ठेवा. वर आणि दोन्ही बाजूंना पाऊण इंच कोरी जागा राहते, खाली सव्वातीन इंच. त्या खालच्या जागेत दोघांची नावं, लग्नाचं ठिकाण आणि पाठीवरची मोडी ओळ जशीच्या तशी टाका, खाली बाळबोधीत वाचन. ३६०० पिक्सेल १०.५ इंचात म्हणजे इंचाला ३४० च्या वर, प्रिंटला ३०० पुरतात.

लॅबला फाइल एसआरजीबी रंगपद्धतीत, १०० टक्के दर्जाच्या जेपेगमध्ये, पेनड्राइव्हवर द्या. व्हॉट्सॲपनेच पाठवायची असेल तर डॉक्युमेंट म्हणून. ‘ऑटो करेक्शन बंद ठेवा’ असं तोंडी आणि पावतीवर दोन्हीकडे सांगा, नाहीतर मशीन मूळची तपकिरी छटा ‘दोष’ समजून काढून टाकतं. ० ते २५५ च्या मापात सगळ्यात काळी जागा १५-२० वर आणि कागदाचा पांढरा २४० च्या आसपास ठेवा. पूर्ण काळ्यापासून पूर्ण पांढऱ्यापर्यंत ताणलं की पणजोबांच्या काळ्या कोटातल्या घड्या बुजतात. आधी ४ × ६ मध्ये नुसता चेहऱ्यांचा तुकडा, मोठ्या प्रिंटच्याच मापात, मॅट कागदावर काढून दिवसाच्या उजेडात पाहा, मग मोठी सांगा.

लष्कर_ग्वाल्हेर

आणि मोठी प्रिंट फ्रेम करताना काच आणि फोटो यांच्यामध्ये माउंटबोर्डची चौकट घालायला सांगा, दोन मिलिमीटर तरी. बडोद्याच्या पावसाळ्यात हीसुद्धा काचेला चिकटायला वेळ लागणार नाही.